झेंड्यावरच्या फुलीचा निवाडा

६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसदभवनात जमाव घुसला, तेव्हा आत शिरलेल्यांपैकी एकाच्या खांद्यावर एक लाल झेंडा होता. लाल कापड, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निळी फुली, फुलीवर तेरा पांढऱ्या चांदण्या. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या फौजांचा हा रणध्वज. त्याच दिवशी बाहेरच्या गर्दीत आपला तिरंगाही दिसला, म्हणून भारतातही झेंड्यांवर बरेच बोलले गेले. अशा वेळी दोन ठरावीक युक्तिवाद हमखास पुढे येतात. एक म्हणतो, ही तर ख्रिस्ताचा शिष्य सेंट अँड्र्यू याची फुली, स्कॉटलंडची, शेकडो वर्षांची. गुलामगिरीशी तिचा काय संबंध? दुसरा म्हणतो, क्रूस उभा असो की तिरका, तो साम्राज्याचा आणि मिशनऱ्यांचा. जिथे दिसेल तिथून तो उतरवा. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण चूक दोघांचीही एकच आहे. चिन्हाचे मूळ सापडले की त्याचा अर्थही सापडला, असे दोघेही धरून चालतात.

मला हे मुळीच मान्य नाही. झेंड्याचा निवाडा त्याची वंशावळ काढून होत नाही. तो कोणी उभारला, केव्हा उभारला, कशावर उभारला आणि कोणाला दाखवायला उभारला, या प्रश्नांच्या उत्तरांवर तो करायचा असतो. हे पटवायला तिरक्या फुलीइतका चांगला साक्षीदार शोधून सापडणार नाही. कारण एकच आकृती स्कॉटलंडने मिरवली, गुलामगिरी टिकवायला निघालेल्या राज्यांनी मिरवली, आणि गुलामांच्या वंशजांनी स्वतंत्र जमैकासाठीही तीच निवडली.

आधी आकाराचे बघू. आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागे मोठी पिवळी फुली रंगवलेली असते. ती दिसली की गाडी सगळ्या डब्यांसकट आली, मागे काही सुटले नाही, हे स्टेशनातल्या माणसाला कळते. समुद्रावर जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत निळ्यावर पांढरी फुली असलेले निशाण आहे. त्याचा अर्थ ‘माझे जहाज थांबलेले आहे’. पांढऱ्यावर लाल फुली असेल तर ‘मला मदत हवी आहे’. यातले पहिले निशाण रंगरूपाने थेट स्कॉटलंडच्या राष्ट्रध्वजासारखे आणि दुसरे आयर्लंडच्या नावावर जमा असलेल्या फुलीसारखे. म्हणून बंदरात निळे-पांढरे निशाण चढवणारा खलाशी स्कॉटलंडचा जयजयकार करतो, असे कोणी म्हणेल का? युरोपातल्या सरदार घराण्यांच्या ढालींवरही सॉल्टायर नावाची ही फुली सर्रास असे. इंग्लंडच्या नेव्हिल घराण्याची लालवर रुपेरी, स्कॉटलंडच्या ॲनॅनडेलच्या ब्रूस घराण्याची सोनेरीवर लाल. ढालीवरची ही ठळक आकृती लांबून ओळखू येई. ब्रूस घराण्याची फुली काही अँड्र्यूची नव्हती, ब्रूसांची होती.

आता मुळाकडे वळू, कारण मुळाचा आधार घेणाऱ्यांना ते फार पक्के वाटते. स्कॉटलंडची कथा अशी सांगतात: इ.स. ८३२ मध्ये अ‍ॅथेलस्टनफर्डजवळ तिथल्या प्राचीन पिक्ट लोकांचा राजा अंगस लढाईच्या आदल्या रात्री प्रार्थना करतो, निळ्या आकाशात ढगांची पांढरी फुली उमटते आणि शत्रूचा पराभव होतो. कथा देखणी आहे, पण ती लिहिलेली सापडते कित्येक शतकांनंतरच्या ग्रंथांत. कागदोपत्री पुरावा हवा असेल तर १२८६ साली राजाच्या जागी कारभार पाहणाऱ्या पालकांनी केलेल्या मुद्रेवर फुलीवर चढवलेला अँड्र्यू दिसतो, आणि १३८५ साली स्कॉटिश संसद सैनिकांना छातीवर आणि पाठीवर पांढरी फुली लावायचा हुकूम देते. का? तर लढाईत आपला कोण आणि परका कोण हे कळावे म्हणून. मुळात अँड्र्यूला तिरक्या क्रूसावर चढवले ही समजूतही उशिरा रुजली. जुन्या चित्रांत तो साध्या उभ्या क्रूसावरही दिसतो. म्हणजे ज्या मुळाकडे बोट दाखवून वाद जिंकायचा, ते मूळच नंतर लावलेले निघते.

आयर्लंडच्या फुलीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. आयर्लंडचा संत पॅट्रिक हा हुतात्मा नव्हता, त्याला कोणी क्रूसावर चढवले नाही. तरी १७८३ साली राजाने सेंट पॅट्रिकच्या नावाने सरदारांचा मानाचा संघ स्थापन केला तेव्हा त्याच्या पदकावर लाल फुली आली. ती फिट्झजेरल्ड घराण्याच्या ढालीवरून उचलली असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. आणि हे घराणे आयर्लंड जिंकायला आलेल्या नॉर्मन सरदारांचे. पुढे १८०१ साली आयर्लंड ब्रिटनला जोडले गेले आणि ही फुली ब्रिटनच्या झेंड्यात शिरली.

तो झेंडा एकदा जवळून पाहा. लाल तिरकी पट्टी पांढऱ्या तिरक्या पट्टीच्या मधोमध जात नाही, जरा सरकलेली आहे. काठीकडच्या अर्ध्यात रुंद पांढरी पट्टी लाल पट्टीच्या वर असते, पलीकडच्या अर्ध्यात खाली. झेंडा उलटा लागला तर ओळखायची खूण हीच. हे शिंप्याच्या हातून झालेले नाही, यामागे भांडण आहे. १६०६ साली जेम्स राजाने इंग्लंडचा उभा लाल क्रूस स्कॉटलंडच्या पांढऱ्या फुलीवर चढवला, तेव्हा स्कॉटिश जहाजमालक राजाकडे तक्रार घेऊन गेले: आमची फुली कापली गेली, आमचा मान गेला. १८०१ साली तिसरी फुली आणायची वेळ आली तेव्हा ती स्कॉटलंडच्या फुलीवर सरळ ठेवली असती तर तेच भांडण पुन्हा पेटले असते. म्हणून दोन्ही फुल्या शेजारी शेजारी सरकवून बसवल्या आणि काठीकडची, मानाची वरची बाजू स्कॉटलंडला दिली. आयर्लंडचा बहुतेक भाग १९२२ साली वेगळा झाला, पट्टी मात्र राहिली. वेल्सला तर जागाच नाही, कारण झेंडा ठरला तेव्हा ते इंग्लंडच्या पोटात होते. या कापडात संत कमी आणि वाटाघाटी जास्त आहेत. तिथे अर्थ ठरवला तो सत्तेच्या त्या त्या क्षणाच्या हिशेबाने.

आता अमेरिकेतल्या त्या लाल झेंड्याकडे येऊ. त्याच्या बचावात स्कॉटिश-आयरिश वारशाचा आणि अँड्र्यूच्या क्रूसाचा दाखला देणाऱ्यांनी त्याच्या जन्माची हकीकत नीट वाचलेली नसते. झेंड्याची कल्पना साउथ कॅरोलायनाच्या विल्यम पोर्चर माइल्स यांची. त्यांच्या पहिल्या आराखड्यात क्रूस उभा होता. त्यावर दक्षिणेतल्याच एका ज्यू गृहस्थाने हरकत घेतली की एका धर्माचे चिन्ह साऱ्या राष्ट्राचे करू नका. माइल्स यांना ती पटली आणि त्यांनी क्रूस तिरका केला. ऑगस्ट १८६१ मध्ये सेनापती बोरगार्ड यांना लिहिलेल्या पत्रात तेच सांगतात की तिरकी फुली धार्मिक कमी आणि ढालीवरच्या चिन्हांच्या परंपरेतली जास्त, त्यामुळे ज्यूंचा आणि अनेक प्रोटेस्टंट पंथांचा आक्षेप टळतो. म्हणजे झेंडा करणाऱ्याने फुली घेतली ती संताला टाळण्यासाठी. जुलै १८६१ मध्ये मनॅसासच्या लढाईत धुरळ्यात दोन्ही बाजूंचे झेंडे सारखेच दिसून गोंधळ उडाला होता, तेव्हा सेनापतींना लांबून वेगळा ओळखू येईल असा ध्वज हवाच होता. अँड्र्यू त्यात मागाहून आणून बसवला गेला. मुळाचाच आग्रह धरायचा असेल, तर मूळ बचाव करणाऱ्यांच्याच विरोधात साक्ष देते.

ती फौज कशासाठी लढत होती, हेही झाकलेले नाही. या राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हॅनाच्या भाषणात सांगून टाकले की त्यांच्या सरकारचा पायाच मुळी काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे, या सिद्धान्तावर उभा आहे. हे त्यांच्यावर शत्रूने ठेवलेले बालंट नाही, त्यांच्या तोंडचे बोल आहेत.

तरीही, समजा, आपण औदार्याने म्हणालो की १८६५ ला युद्ध संपले, झेंडा संपला, उरल्या त्या आठवणी. मग तो विसाव्या शतकात सरकारी इमारतींवर का आणि केव्हा चढला, ते तारखा लावून पाहावे. १९४८ साली काळ्यांच्या नागरी हक्कांना विरोध म्हणून डेमोक्रॅटिक पक्षातून फुटलेल्या गटाच्या सभांत तो फडकला. त्या गटाचे उमेदवार साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थरमंड. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि १९५६ साली जॉर्जियाने ही फुली आपल्या राज्यध्वजात घातली. २५ एप्रिल १९६३ रोजी देशाचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी अलाबामा विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याबाबत बोलायला मॉंटगोमेरीला आले, त्याच दिवशी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी तो विधानभवनाच्या घुमटावर चढवला. कोणी, केव्हा, कशावर, कोणाला दाखवायला: चारही प्रश्नांची उत्तरे एकाच दिवसात मिळतात. यानंतर अँड्र्यू नावाच्या कोळ्याला ख्रिस्ताने कसे हाक मारून बोलावले, हे सांगत बसण्यात काय हशील?

या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. तो मेलेल्यांचा आहे. त्या फौजेत लाखो साधी माणसे होती. कित्येकांकडे एकही गुलाम नव्हता, कित्येकांना सक्तीने भरती केले गेले. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना आपल्या माणसाच्या थडग्यावर त्याच्या पलटणीचा झेंडा असावा असे वाटले, तर त्यात द्वेषच आहे असे म्हणणे अन्याय होईल. पराभूतांनाही शोक करण्याचा हक्क असतो. पानिपतावर पडलेल्यांचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या उराशी बाळगणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. पण थडगे आणि विधानभवन या दोन जागा आहेत. थडग्यावर कुटुंब बोलते. विधानभवनावर राज्य बोलते, आणि राज्य त्या छपराखालच्या सगळ्यांच्या वतीने बोलते. १८६० च्या शिरगणतीत साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपी या दोन्ही राज्यांत निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती. त्यांचे वंशज कर भरतात, त्या कचेऱ्यांत जातात, त्या न्यायालयांत उभे राहतात. एका घराचा शोक राज्याच्या काठीवर चढवला की दुसऱ्या घराला तो धाक वाटतो.

साउथ कॅरोलायनात हे उघड्या डोळ्यांनी दिसले. १७ जून २०१५ रोजी चार्ल्स्टनच्या काळ्या लोकांच्या जुन्या चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. मारेकऱ्याचे त्या रणध्वजासोबतचे फोटो पुढे आले. राज्याची राजधानी कोलंबिया इथे विधानभवनाच्या घुमटावरचे देशाचे आणि राज्याचे झेंडे अर्ध्यावर उतरले. समोरच्या स्मारकाशेजारी रणध्वज होता, तो पूर्ण उंचीवरच राहिला. त्याच्या काठीला दोर-कप्पीच नव्हती. २००० सालच्या तडजोडीने झेंडा घुमटावरून काढून तिथे आणला होता आणि कायद्याने असे बांधून ठेवले होते की तो हलवायलाही दोनतृतीयांश मते लागावीत. नऊ शवपेट्यांपुढेही जो झेंडा खाली येऊ शकत नाही, त्याबद्दल ‘हा फक्त इतिहास आहे’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? २७ जूनला ब्री न्यूसम या काळ्या तरुणीने काठीवर चढून तो काढला. तिला अटक झाली आणि तासाभरात झेंडा पुन्हा लागला. पुढे राज्याच्या सेनेटमध्ये तो उतरवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत पॉल थरमंड होते, १९४८ च्या त्याच स्ट्रॉम थरमंडांचे चिरंजीव. त्यांच्याइतका वारसा आणखी कोणाकडे होता? १० जुलै रोजी झेंडा रीतसर उतरवून संग्रहालयात गेला.

दुसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत अवघड आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात तो आतापर्यंत आलाही असेल. वापरावरून अर्थ ठरतो म्हटले तर मग स्वस्तिकाचे काय? हिटलरने ते वापरले म्हणून आम्ही उंबरठ्यावर काढायचे सोडायचे? जो गुंड एखादे चिन्ह पळवेल त्याच्याच नावावर ते लावून द्यायचे? आपण परदेशी माणसाला स्वस्तिक समजावताना ‘ते फार जुने आहे’ एवढेच सांगतो, आणि तिथेच आपला दावा लंगडा पडतो. नुसत्या जुनेपणावर वाद जिंकता येत असेल तर तो रणध्वजवाल्यांनाही जिंकता येईल. स्वस्तिकाचा खरा बचाव वेगळा आणि फार भक्कम आहे: त्याचा वापर कधी तुटला नाही. नाझींच्या आधी, नाझी असताना आणि नाझींनंतर कोट्यवधी हिंदू, जैन, बौद्ध घरांत ते लग्नाच्या पत्रिकेवर, दुकानाच्या चोपडीवर, कलशावर काढले जातच राहिले, आणि त्यात कोणाला दडपण्याचा लवलेशही नव्हता. हा बचाव वापराचाच आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी घातली तेव्हा हिंदू, बौद्ध आणि जैन वापराला कायद्यातच वगळले. एकाच आकृतीचे दोन वापर असू शकतात आणि कायद्यालाही त्यांतला फरक कळतो. रणध्वजाला असे दुसरे आयुष्य कुठे आहे? फुली जुनी असेल. पण लाल कापड, निळी फुली आणि तेरा चांदण्या हा झेंडा त्या युद्धाआधी नव्हताच. त्या एका कामासाठी तो जन्मला.

चिन्ह पळवले जाते तसे सोडवूनही आणता येते, हेही इतिहासात आहे. स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क प्रदेशाचा झेंडा पाहा: लाल कापड, हिरवी तिरकी फुली, वर पांढरा उभा क्रूस. १८९४ साली साबिनो आणि लुइस या आराना बंधूंनी तो बिल्बाओमध्ये तयार केला. साबिनो यांची वंशशुद्धीची मते आज वाचवत नाहीत. स्पेनच्या इतर भागांतून खाणी-कारखान्यांत आलेल्या मजुरांविषयी त्यांनी फार विखारी लिहिले आहे. मूळच पाहायचे तर हा झेंडा तिथेच बाद. पण १९३६ साली बास्क स्वायत्त सरकारने तो स्वीकारला, त्या सरकारात समाजवादी होते, कम्युनिस्टही होते. मग स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट आली आणि झेंडा जवळ बाळगणे हा गुन्हा झाला. ५ डिसेंबर १९७६ रोजी सान सेबास्तियानच्या अतोचा मैदानावर रेआल सोसिएदाद आणि अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हे कट्टर प्रतिस्पर्धी संघ उतरले, तेव्हा दोन कर्णधार, कोर्तबारिया आणि इरिबार, बंदी असलेला तोच झेंडा दोन टोकांना धरून मैदानात चालत आले. फ्रँको मरून वर्ष झाले होते, बंदी कायम होती, पोलीस काय करतील कोणालाच ठाऊक नव्हते. पुढच्याच महिन्यात बंदी उठली. साबिनोंचा झेंडा त्या चाळीस वर्षांत सगळ्यांचा झाला होता. रणध्वजाला हे भाग्य मिळू शकले नसते का? मिळू शकले असते, जर त्याखाली कधी दडपलेले उभे राहिले असते. तो मात्र दडपणाऱ्यांच्याच हाती राहिला.

मुळावरून निवाडा करता येतच नाही, हे काळ्या समुद्राच्या काठी आणखी स्पष्ट होते. रशियाच्या आरमाराचा झेंडा पांढऱ्यावर निळी फुली, पीटर द ग्रेटच्या काळापासूनचा. बोल्शेविकांनी तो टाकला, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूने लढलेल्या व्लासोव्हच्या सैन्याने हीच निळी फुली बाहीवर लावली, आणि १९९२ साली रशियन आरमाराने ती परत आणली. आख्यायिका अशी की अँड्र्यू नीपर नदीने वर जाऊन आज कीव जिथे आहे त्या टेकड्यांवर पोचला आणि तिथे त्याने क्रूस रोवला. कीवच्या त्या टेकडीवर आजही सेंट अँड्र्यूचे चर्च उभे आहे. एकच संत रशियाचाही आणि युक्रेनचाही. २०२२ मध्ये त्याच संताची फुली लावलेल्या जहाजांनी युक्रेनच्या बंदरांची नाकेबंदी केली. ओडेसाच्या माणसाने त्या झेंड्याकडे कसे पाहायचे, हे त्याला संताच्या चरित्रातून कळणार आहे का?

तिसरा आक्षेप घसरगुंडीचा. वापरच मोजायचा तर स्कॉटलंडची फुली तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? स्कॉटिश माणसे साम्राज्यात सगळीकडे होती: कंपनीच्या कचेऱ्यांत, पलटणींत, आणि जमैकाच्या उसाच्या मळ्यांवर मालक आणि मुकादम म्हणूनही. जमैकात आजही कॅम्पबेल आडनावाची माणसे पावलापावलाला भेटतात, ती याच इतिहासामुळे. आपल्या मुंबईत ज्या युनियन जॅकला पिढ्यान्‌पिढ्या सलाम करावा लागला, त्यात पांढरी फुली होतीच. हा मुद्दा खरा आहे आणि स्कॉटलंडने त्याची उत्तरे द्यायला हवीत. पण वापर मोजायचा म्हणजे सगळा मोजायचा. एक डाग पडला की झेंडा बाद, असा हा नियम नाही. स्कॉटलंडची फुली गुलामगिरी राखायला जन्मली नाही, तिचे सहा शतकांचे दुसरे आयुष्य आहे, आणि आज तिच्याखाली राहणारे लोक मतपेटीतून तिचे काय करायचे ते ठरवू शकतात. १८ सप्टेंबर २०१४ च्या जनमतात स्वातंत्र्याच्या बाजूने सुमारे ४५ टक्के आणि विरोधात ५५ टक्के मते पडली. दोन्ही बाजूंच्या हातांत तीच निळी-पांढरी फुली होती. जो झेंडा विरोधकालाही आपला वाटतो, त्याची जात वेगळी.

आणि क्रूस दिसला की उतरवा म्हणणाऱ्यांनी जमैकाला काय सांगायचे? ऑगस्ट १९६२ मध्ये स्वतंत्र होताना तिथल्या दोन्ही पक्षांच्या समितीने झेंडा ठरवला. हिरव्या, सोनेरी, काळ्या आडव्या पट्ट्यांचा विचार होता, पण तो नुकत्याच स्वतंत्र झालेल्या टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीच्या) झेंड्यासारखा दिसू लागला, म्हणून सोनेरी फुली आली. काळ्या रंगाचा अर्थ आधी संकटे असा सांगत. १९९६ साली तो बदलून लोकांचे बळ आणि सर्जनशीलता असा केला. आकृती तीच, कापड तेच. अर्थ लोकांनी एकत्र बसून बदलला. ज्यांच्या पणज्या-आज्यांच्या पाठीवर स्कॉटिश मुकादमांचे चाबूक ओढले गेले, त्या लोकांनी तिरकी फुली आपली म्हणून घेतली आणि ऑलिंपिकच्या मैदानात जगभर मिरवली. त्यांना आपण बसल्या जागेवरून सांगायचे की तुमचा झेंडा वसाहतवादी आहे? हा उद्धटपणा आहे.

हाच निकष मला आपल्या आरमाराच्या झेंड्यालाही लावावासा वाटतो. तिथला क्रूस उभा होता, सेंट जॉर्जचा, म्हणजे इंग्लंडचा, पण वाद याच जातीचा. १९५० पासून तो होता, २००१ मध्ये काढला, २००४ मध्ये परत आला, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘विक्रांत’ दाखल होताना कायमचा गेला. त्याच्या जागी शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. ज्याने कोकण किनाऱ्यावर स्वतःचे आरमार उभारले, सिंधुदुर्ग बांधला, त्याची खूण भारतीय युद्धनौकांवर असावी यात वावगे काय? आधीची खूण ब्रिटिश आरमाराकडून वारशात आली होती, आपण बसून निवडलेली नव्हती. एवढे कारण पुरे आहे. पण त्या दिवसांत ‘गुलामीचे चिन्ह’ आणि ‘ख्रिस्ती चिन्ह’ हे शब्द ज्या सहजपणे एकमेकांना चिकटवले गेले, ते मला खटकले. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर क्षेपणास्त्रे सोडणाऱ्या आपल्या नौकांच्या झेंड्यावर हाच क्रूस होता. ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तेही त्याच झेंड्याखाली. ती माणसे गुलामीच्या चिन्हाखाली लढली असे म्हणायची कोणाची छाती आहे? एकवीस वर्षांच्या वापराने तो झेंडा त्यांचा झालेला होता. नवा झेंडा योग्य ठरवायला जुन्याला हिणवायची काहीच गरज नव्हती.

झेंडा बदलायचा कसा, याचे माझ्या माहितीतले सर्वांत चांगले उदाहरण मिसिसिपीचे आहे. १८९४ पासून रणध्वजाची फुली तिथल्या राज्यध्वजाच्या कोपऱ्यात होती. २००१ साली लोकांना विचारले तेव्हा जवळपास दोनतृतीयांश लोक म्हणाले, राहू द्या. ज्यांना तो टोचत होता त्यांनी बोलणे सोडले नाही. २०२० च्या जूनअखेर विधिमंडळाने तो काढला, नव्या झेंड्यात ती फुली नसावी अशी अट घातली, आणि नोव्हेंबरमध्ये मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा झेंडा मतदारांपुढे ठेवला. त्याच राज्यातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो पसंत केला. एकोणीस वर्षांत मतदार काही सगळे बदलले नव्हते. झेंड्याने कोणाला काय सांगितले, हे त्या वर्षांत शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितले होते. जुना झेंडा ज्याला हवा तो आजही आपल्या अंगणात लावू शकतो, आणि तिथला कायदा त्याला अडवत नाही, अडवूही नये.